स्कॅव्हेंजर रिसेप्टरचं नाव कसं वाचायचं, कसं लिहायचं: प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

स्कॅव्हेंजर रिसेप्टर, थोडक्यात एसआर, म्हणजे बदललेला, खराब झालेला माल उचलणारी पेशीवरची प्रथिनं. त्यांच्या नावांतली ही तीन पाहा: एसआर-बी२, स्कार्ब२ आणि जुन्या शोधनिबंधांत रोमन आकड्याने लिहिलेला एसआर-बी दोन. मोठ्याने वाचली तर तिन्ही नावं जवळपास सारखीच कानावर पडतात, पण ती तीन वेगळ्या प्रथिनांची आहेत. एसआर-बी२ म्हणजे सीडी३६. स्कार्ब२ म्हणजे लिम्प२, जे मुख्यतः पेशीच्या आत, लायसोसोमच्या आवरणात बसतं. आणि रोमन दोनवालं नाव एसआर-बी१ याच प्रथिनाच्या एका स्प्लाइस रूपाचं, म्हणजे त्याच जीनच्या तुकड्यांची वेगळी जुळणी होऊन बनलेल्या रूपाचं आहे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मला मॅक्रोफेजमधलं, म्हणजे कचरा गिळणाऱ्या प्रतिकारपेशींमधलं, सीडी३६ दाबायचं होतं. मी वाचलेल्या निबंधात त्याला एसआर-बी२ म्हटलं होतं, म्हणून मी स्कार्ब२ चा एसआयआरएनए, म्हणजे ठरावीक जीन गप्प करणारा छोटा आरएनए, मागवला. पुढचे तीन आठवडे ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीत) सीडी३६ ची पट्टी जराही फिकी झाली नाही. ट्रान्सफेक्शनचं, म्हणजे आरएनए पेशीत घालण्याचं, प्रमाण बदललं, तास बदलले, पेशींची नवी कुपी उघडली. मागवलेला एसआयआरएनए त्याचं काम चोख करत होता, फक्त दुसऱ्याच जीनवर. ते तीन आठवडे तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

गोंधळ आला कुठून

१९७९ साली डॅलसमध्ये जोसेफ गोल्डस्टीन, वाय. के. हो, संदीप बसू आणि मायकल ब्राउन यांनी एक कोडं सोडवायला घेतलं. एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारे कण. ते आत घेणारा एलडीएल रिसेप्टर ज्यांच्यात जन्मतःच नसतो अशा रुग्णांच्या मॅक्रोफेजमध्येही कोलेस्टेरॉल खच्चून भरलेलं असतं. दार नाही, तर माल आत जातो कसा? त्यांना दिसलं की साधं एलडीएल मॅक्रोफेज फारसं घेत नाहीत, पण त्याच एलडीएलला रासायनिक प्रक्रियेने ॲसिटिल गट जोडले की ते झपाट्याने आत ओढलं जातं. आत कितीही साठलं तरी ही ओढ कमी होत नाही. बदललेला, खराब झालेला माल उचलणाऱ्या या जागेला पुढे स्कॅव्हेंजर रिसेप्टर हे नाव पडलं.

यातले संदीप बसू भारतात परतले आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रोगप्रतिकारशास्त्र संस्थेचे संचालक झाले. १९८९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी याच दाराचा औषधासाठी उपयोग करून दाखवला. मेथोट्रेक्सेट हे औषध मॅलिल गट लावलेल्या अल्ब्युमिनला जोडलं, आणि मॅक्रोफेजमध्ये दडून बसलेल्या लीशमेनिया परजीवीपर्यंत ते थेट पोचलं. रिसेप्टरचं नीट वर्णन झालं की त्यातून काय निघू शकतं, याचं हे आपल्या देशातलं उदाहरण. भारतातल्या विद्यार्थ्यांना ते फारसं सांगितलं जात नाही, याची मला खंत वाटते.

पहिल्या रिसेप्टरचं जीन १९९० साली हाती आलं. कोडामा, क्रीगर आणि सहकाऱ्यांनी गाईच्या फुप्फुसातून ते मिळवलं. मग खराब एलडीएलला चिकटणारी आणखी प्रथिनं एकामागून एक सापडत गेली. ज्याला सापडलं त्याने आपापलं नाव दिलं. कुणी सीडी क्रमांक (पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना देतात तो) वापरला, कुणी रचनेवरून नाव ठेवलं, कुणी कामावरून. एकाच प्रथिनाला चार-पाच नावं आणि एका नावाखाली दोन-तीन प्रथिनं अशी अवस्था झाली. शेवटी अमेरिकेच्या राष्ट्रीय ॲलर्जी व संसर्गजन्य रोग संस्थेच्या पुढाकाराने मर्सी प्रभुदास आणि या क्षेत्रातल्या अनेक संशोधकांनी २०१४ मध्ये नामकरणाची पद्धत मांडली आणि २०१७ मध्ये ती वाढवून पक्की केली. आज तुम्ही पाळायची ती हीच पद्धत.

तिच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती आधी मनात बसवा. कुलकर्णी हे आडनाव कामावरून आलं. गावाचा हिशेब लिहायचा तो कुलकर्णी. सांगलीकडचे कुलकर्णी आणि वऱ्हाडातले कुलकर्णी एकाच रक्ताचे असतील असं कुणी धरून चालत नाही. स्कॅव्हेंजर रिसेप्टर हेही असंच कामावरून पडलेलं आडनाव आहे. सीडी३६ आणि एसआर-ए१ (१९९० साली हाती आलेला तो पहिला रिसेप्टर) यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात भाऊबंदकीचा मागमूस नाही. रक्ताचं नातं दाखवतं ते नावातलं अक्षर: ए, बी, डी, ई वगैरे. आडनाव कामावरून, अक्षर रचनेवरून. बहुतेक गल्लती या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्याने होतात.

पायरी १: हा स्कॅव्हेंजर रिसेप्टर आहे का, हे ठरवा

स्वतःला तीन प्रश्न विचारा. हे प्रथिन पेशीच्या पृष्ठभागावर येतं का? ते एकापेक्षा अनेक, एकमेकांशी साम्य नसलेल्या गोष्टींना चिकटतं का? आणि त्या चिकटण्यातून परकी किंवा बिघडलेली स्वकीय वस्तू हटवली जाते का? हटवण्याची रीत वेगवेगळी असू शकते. कधी एंडोसायटोसिस (पटलाच्या खळगीतून आत घेणं), कधी फॅगोसायटोसिस (मोठा कण गिळणं), कधी नुसतं धरून ठेवणं आणि पुढे संदेश देणं.

नवखा माणूस दुसऱ्या प्रश्नावर अडखळतो. एसआर-ए१ ला काय काय चिकटतं पाहा: ॲसिटिल एलडीएल, ऑक्सिडाइज्ड एलडीएल, जिवाणूंच्या आवरणातलं एलपीएस आणि लायपोटायकोइक आम्ल, समुद्री शेवाळातलं फ्युकॉयडन, डेक्स्ट्रान सल्फेट. यांना बांधणारा समान धागा म्हणजे बहुतेकांवर ऋण भार दाटीने असतो. एवढ्या ढोबळ निकषावर पकडणारा रिसेप्टर रोगप्रतिकारशास्त्रात इतरत्र क्वचितच दिसतो. अँटीबॉडीच्या नेमकेपणाची सवय झालेल्या मनाला हे पचायला वेळ लागतो. लागू द्या.

एक खूण मात्र फसवी आहे. एसआरसीआर नावाचा एक डोमेन, म्हणजे प्रथिनातला स्वतंत्र घडीचा भाग, असतो. एसआर-ए१ मध्ये तो पहिल्यांदा ओळखला गेला, म्हणून त्याच्या नावात स्कॅव्हेंजर रिसेप्टर हे शब्द आले. हा डोमेन दिसला की प्रथिन स्कॅव्हेंजर रिसेप्टर ठरत नाही. रक्तातल्या पूरक प्रणालीचा फॅक्टर आय हे एक प्रोटिएज आहे, त्यातही तो आहे. कोलॅजनचे धागे एकमेकांना जोडणाऱ्या एलओएक्सएल२ या एन्झाइममध्येही आहे. उलट सीडी३६ मध्ये तो अजिबात नाही, तरी सीडी३६ पक्का स्कॅव्हेंजर रिसेप्टर आहे.

पायरी २: आधी जीन शोधा, मग बाकीचं

निबंधात, डबीवर किंवा वरिष्ठांच्या तोंडी कोणतंही नाव आलं की लगेच त्याचं अधिकृत जीन चिन्ह काढा. मानवी जीनसाठी एचजीएनसी या जीनची नावं ठरवणाऱ्या समितीची यादी प्रमाण. सोबत युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यातला क्रमांक टिपून ठेवा. मानवी सीडी३६ चा क्रमांक पी१६६७१ आहे, मानवी स्कार्ब२ चा क्यू१४१०८. नावं कितीही मिळतीजुळती असोत, हे क्रमांक एकमेकांशी गल्लत होऊ देत नाहीत. एसआयआरएनए मागवण्याआधी मी हे दोन क्रमांक शेजारी शेजारी लिहिले असते, तर चूक दोन मिनिटांत दिसली असती.

प्राणी कोणता तेही याच वेळी नोंदवा. रोमन लिपीत मानवी जीनची सगळी अक्षरं मोठी आणि तिरपी लिहितात. उंदराच्या जीनचं फक्त पहिलं अक्षर मोठं, तेही तिरपं. प्रथिनाचं नाव सरळ लिहितात. तुमच्या वहीत हा फरक दिसायला हवा, कारण मार्गदर्शक पहिल्यांदा तिथेच नजर टाकतात. प्रथिनाच्या नावाआधी माणसासाठी एच आणि उंदरासाठी एम ही छोटी अक्षरं लावायची सवयही चांगली.

पायरी ३: रचना पाहा, अक्षर ठरवा

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी. अक्षर कळलं की प्रथिनाचं कोणतं टोक पेशीबाहेर आहे हे बहुधा कळतं, आणि त्यावर तुमचा पुढचा प्रयोग ठरतो.

वर्ग ए पासून सुरुवात करू. याचं एन टोक (साखळीची सुरुवात) पेशीच्या आत, सी टोक (साखळीचा शेवट) बाहेर. तीन साखळ्या एकत्र पिळून दांडा तयार होतो आणि बहुतेकांत त्या दांड्यात कोलॅजनसारखा भाग असतो. एसआर-ए१ म्हणजे एमएसआर१, अर्थात सीडी२०४. त्याच्या टोकाला एसआरसीआर डोमेनची गाठ असते. पण ऋणभारित वस्तू धरण्याचं काम मुख्यतः कोलॅजनसारखा भाग करतो. म्हणूनच ही गाठ नसलेलं रूपही ॲसिटिल एलडीएल व्यवस्थित धरतं. मार्को हे वर्ग ए मधलं दुसरं ठळक प्रथिन, १९९५ मध्ये वर्णन झालेलं. याच वर्गात फेरिटिन आत नेणारं स्कारा५ आहे आणि कोलेक१२ ही आहे.

वर्ग बी ची ठेवण अगदी निराळी. प्रथिन पेशीपटलातून दोनदा जातं, दोन्ही टोकं आत राहतात आणि मधला मोठा घुमट बाहेर असतो. सीडी३६ आणि एसआर-बी१ दोन्ही असेच. याचा प्रत्यक्ष परिणाम असा. समजा तुम्ही सीडी३६ च्या एका टोकाला फ्लॅग टॅग, म्हणजे अँटीबॉडीने ओळखता येणारी छोटी खूण, लावला आणि पेशींना भोकं न पाडता फ्लॅगच्या अँटीबॉडीने रंगवलं. काहीही दिसणार नाही. प्रथिन पृष्ठभागावर भरपूर असेल, पण टॅग आत असेल. तोच टॅग एसआर-ए१ च्या सी टोकाला लावला तर बाहेरून दिसेल. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी अशा निकालावरून 'प्रथिन पृष्ठभागावर येतच नाही' असा निष्कर्ष काढतात. हे मी एकदा नाही, अनेकदा पाहिलं आहे. अक्षर बघा, मग टॅग कुठे लावायचा ते ठरवा.

ब्लॉट वाचतानाही वर्गाचा उपयोग होतो. सीडी३६ मध्ये ४७२ अमिनो आम्लं आहेत. हिशेबाने त्याचं वजन सुमारे ५३ किलोडाल्टन यायला हवं, पण त्यावर साखरेचे इतके गट असतात की जेलवर पट्टी ८८ च्या आसपास दिसते. त्यामुळे ५३ जवळची पट्टी बघून आनंदून जाऊ नका.

एसआर-बी१ बद्दल थोडं विषयांतर करतो. १९९६ मध्ये ते एचडीएलचा रिसेप्टर म्हणून पुढे आलं. ते एचडीएलचा कण गिळत नाही. कण बाहेरच राहतो आणि त्यातले कोलेस्टेरॉल एस्टर तेवढे निवडून आत घेतले जातात. यकृतात हे सतत चाललेलं असतं. स्कॅव्हेंजर म्हणजे गिळणारा, असं समीकरण डोक्यात असेल तर एसआर-बी१ चा विचार करा.

वर्ग सी वगळला आहे, कारण तो फळमाशीत सापडतो, सस्तन प्राण्यांत नाही. अक्षरांच्या ओळीत मधली ही पोकळी पाहून नवीन माणूस दचकतो. दचकू नका.

वर्ग डी मध्ये सीडी६८. पॅथॉलॉजीच्या स्लाइडवर मॅक्रोफेज ओळखायला केपी१ ही अँटीबॉडी वापरतात, ती याचीच. त्याचा मोठा साठा पेशीच्या आत असतो, म्हणून नीट रंगवायचं तर पेशीला भोकं पाडावी लागतात.

वर्ग ई म्हणजे सी-टाइप लेक्टिन घराणं. एसआर-ई१ हे लॉक्स-१, जीन ओएलआर१. १९९७ मध्ये ते गाईच्या महाधमनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशींत मिळालं. याचंही एन टोक आत आणि सी टोक बाहेर. बुरशीच्या भिंतीतलं बीटा-ग्लुकन ओळखणारं डेक्टिन-१ म्हणजे एसआर-ई२. मॅनोज रिसेप्टर, म्हणजे सीडी२०६, हा एसआर-ई३. इथे क्रमांकांत गफलत होते: सीडी२०४ वर्ग ए मधलं, सीडी२०६ वर्ग ई मधलं, आणि मधलं सीडी२०५ हे डेंड्रायटिक पेशींवरचं वेगळंच प्रथिन. तिघांच्या बाटल्या फ्रिजमध्ये बहुधा एकाच रांगेत असतात. झाकणावर मोठ्या अक्षरांत लिहा.

पुढचे वर्ग भराभर सांगतो. वर्ग एफ मध्ये ईजीएफसारख्या डोमेनची माळ असते, त्यात स्कार्फ१ येतं. वर्ग जी मध्ये एकच, सीएक्ससीएल१६. हे एकाच वेळी स्कॅव्हेंजर रिसेप्टरही आहे आणि केमोकाइनही. पेशीला जोडलेलं असताना ते ऑक्सिडाइज्ड एलडीएल धरतं आणि एडीएएम१० ने कापून सुटं केलं की टी पेशींना बोलावतं. वर्ग एच मध्ये स्टॅबिलिन-१ आणि स्टॅबिलिन-२. यकृताच्या सायनसॉइडमधल्या पेशींवर स्टॅबिलिन-२ रक्तातलं हायल्युरोनन साफ करतं. वर्ग आय मध्ये सीडी१६३, नऊ एसआरसीआर डोमेनचं. तांबड्या पेशी फुटल्यावर बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन हॅप्टोग्लोबिनला जोडलं जातं आणि ते जोडकं हे प्रथिन उचलतं, हे २००१ मध्ये दाखवलं गेलं. वर्ग जे मध्ये रेज, वर्ग के मध्ये सीडी४४, आणि वर्ग एल मध्ये एलआरपी१ व एलआरपी२ हे राक्षसी आकाराचे रिसेप्टर. एलआरपी१ चं वजन सुमारे ६०० किलोडाल्टन. पेशी त्याचे ५१५ आणि ८५ असे दोन तुकडे करून जोडून ठेवते, त्यामुळे तुमची अँटीबॉडी कोणत्या तुकड्याची आहे हे ब्लॉटआधी बघावं लागतं.

रेजला या यादीत बसवणं मला थोडं ताणल्यासारखं वाटतं. ते अनेक गोष्टींना चिकटतं हे खरं, पण त्याचं ठळक काम संदेश देण्याचं आहे, माल आत ओढण्याचं नाही. तरी सर्वांनी मान्य केलेली यादी मी पाळतो. प्रत्येकाने आपल्या मताप्रमाणे वेगळी यादी केली तर पुन्हा १९९० च्या दशकातल्या गोंधळात जाऊन पडू.

पायरी ४: आकडा, आणि आकड्यानंतरचा ठिपका

अक्षरानंतरचा साधा आकडा त्या वर्गातलं प्रथिन सांगतो. प्रत्येक आकड्यामागे एक स्वतंत्र जीन असतं. त्यानंतर ठिपका देऊन पुढे आकडा आला, तर ते त्याच जीनचं स्प्लाइस रूप.

एसआर-ए१ वर हे नीट दिसतं. पूर्ण रूपात टोकाला एसआरसीआरची गाठ असते. जुन्या निबंधांत याला वर्ग ए, प्रकार रोमन एक म्हणतात. गाठ नसलेलं रूप म्हणजे जुना प्रकार रोमन दोन. नव्या पद्धतीत ते एसआर-ए१.१. तिसरं एक रूप आहे, जे पेशीच्या आतच अडकून राहतं, पृष्ठभागावर पोचत नाही आणि इतर रूपांच्या कामात अडथळा आणतं.

म्हणून ही चूक टाळा: जुन्या निबंधातला रोमन दोन म्हणजे नवा साधा दोन नव्हे. वर्ग ए मध्ये याचा फारसा त्रास होत नाही, कारण नव्या यादीत ए१ नंतर थेट ए३ येतो, ए२ नाहीच. वर्ग बी मध्ये मात्र नक्की घसराल. जुना रोमन दोन हे एसआर-बी१ चं स्प्लाइस रूप, म्हणजे आताचं एसआर-बी१.१. आताचा साधा बी२ म्हणजे सीडी३६. १९९७ चा निबंध आणि २०१७ चा निबंध शेजारी ठेवून वाचत असाल तर समासात पेन्सिलने लिहीत जा.

जीन चिन्हातला आकडा आणि या पद्धतीतला आकडाही दरवेळी जुळत नाहीत. स्कार्ब१ आणि एसआर-बी१ जुळतात. स्कार्ब२ आणि एसआर-बी२ जुळत नाहीत. त्यातून सीडी३६ च्या जुन्या टोपणनावांत स्कार्ब३ हेही आहे, म्हणजे एकाच प्रथिनाला एका पद्धतीने दोन, दुसरीने तीन. मार्को एका यादीत स्कारा२ आहे आणि नव्या नावाने एसआर-ए६. या ओळी पाठ करायच्या नाहीत, एका कागदावर लिहून बेंचसमोर चिकटवायच्या. माझ्या बेंचसमोर तो कागद अजून आहे.

पायरी ५: जुनी आणि भलतीच नावं ओळखा

लॉक्स हा शब्द शोधयंत्रात टाकला तर तीन वेगळ्या गोष्टी येतात. लायपॉक्सिजनेज या एन्झाइमचं संक्षिप्त रूप, लायसिल ऑक्सिडेज या एन्झाइमचं जीन, आणि आपलं लॉक्स-१. संदर्भ शोधताना ओएलआर१ लिहा, मग बराच गाळ आपोआप बाजूला होतो.

रेजचंही तसंच. आता एमओके या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका कायनेजच्या जीनला पूर्वी रेज हेच चिन्ह होतं. आपल्या रेजचं जीन एजीईआर. जुन्या मायक्रोअरेच्या यादीत रेज वाढलेलं दिसलं, तर आधी ते कोणतं रेज हे तपासा.

सीडी३६ ची नावं तर अंगावर येतात: प्लेटलेटवाले त्याला ग्लायकोप्रोटीन चार म्हणतात, चयापचयवाले फॅटी ॲसिड ट्रान्सलोकेज. मलेरियावाले ते प्लाझ्मोडियम फाल्सिपेरमने ग्रासलेल्या तांबड्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीशी चिकटवणारं प्रथिन म्हणून ओळखतात. या तिन्ही क्षेत्रांतले लोक एकमेकांचे निबंध वाचत नाहीत, आणि त्याचं एक कारण नावांतच आहे असं मला मनापासून वाटतं. तुम्ही वाचा. सीडी३६ वर चांगला प्रबंध लिहायचा असेल तर मलेरियाचं साहित्य टाळून चालणार नाही.

पायरी ६: अँटीबॉडी मागवण्याआधी

अर्जात फक्त 'अँटी-एसआर-ए' लिहू नका. जीन चिन्ह, प्राणी, क्लोन, कोणत्या भागाविरुद्ध बनवली आहे, आणि स्प्लाइस रूपं वेगळी ओळखते की सगळी एकत्र, हे सगळं विचारा. अँटीबॉडी एसआरसीआरच्या गाठीविरुद्ध असेल तर एसआर-ए१.१ तिला दिसणारच नाही.

उंदराचा वंशही बघा. उंदराच्या एसआर-ए साठी २एफ८ ही मोनोक्लोनल अँटीबॉडी वर्षानुवर्षं वापरात आहे. पण सी५७ब्लॅक/६ या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वंशात त्या प्रथिनाच्या क्रमात फरक आहे आणि २एफ८ तिथे लागत नाही. रिसेप्टर असतो, काम करत असतो, स्टेनिंग मात्र कोरं येतं. हे ठाऊक नसेल तर सुदृढ उंदरालाच नॉकआउट, म्हणजे ते जीन काढून टाकलेला, समजून बसाल.

पायरी ७: नाव सिद्ध करा, नुसतं लिहू नका

तुमच्या पेशींत एखादा स्कॅव्हेंजर रिसेप्टर काम करतो असं म्हणायचं असेल, तर चमकणारा रंग जोडलेलं ॲसिटिल एलडीएल ही सुरुवात. ४ अंश सेल्सियसला पेशी माल नुसता धरतात, ३७ अंशांना आत घेतात. दोन्ही मोजा. सोबत एका नळीत बिनरंगाचं ॲसिटिल एलडीएल भरपूर जादा घाला. चमक त्याने उतरली तरच ते खरं बंधन.

वर्ग ए साठी जुना आणि आजही उपयोगी कंट्रोल म्हणजे पॉली आय आणि पॉली सी ही जोडी. दोन्ही न्यूक्लिक आम्लाच्या साखळ्या, दोन्ही ऋणभारित. पॉली आय बंधन अडवतं, पॉली सी अडवत नाही. नुसत्या ऋण भाराने भागत नाही, साखळीची ठेवणही लागते, हे या एका जोडीतून दिसतं. मला हा प्रयोग फार सुंदर वाटतो. नवीन विद्यार्थ्याला मी तो पहिल्या महिन्यातच करायला लावतो.

फ्युकॉयडनवर मात्र भिस्त ठेवू नका. ते एसआर-ए ला अडवतं, पण इतरांनाही चिकटतं. 'फ्युकॉयडनने अडलं, म्हणून वर्ग ए' हे वाक्य प्रबंधात दिसलं तर परीक्षक तिथेच थांबवतील आणि ते बरोबरच असेल. शेवटची खात्री जीन गप्प करून किंवा काढून टाकून होते. किंवा जी पेशी ते प्रथिन बनवत नाही तिच्यात ते घालून. दोन्ही दिशांनी करता आलं तर उत्तम.

पायरी ८: लिहिताना

पहिल्या उल्लेखात तीन गोष्टी एकत्र द्या: नव्या पद्धतीचं नाव, जीन चिन्ह आणि लोकांच्या तोंडी असलेलं जुनं नाव. उदाहरणार्थ, 'मानवी एसआर-बी२, जीन सीडी३६, पूर्वीचं प्लेटलेट ग्लायकोप्रोटीन चार'. त्यानंतर एकच नाव निवडा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. सीडी३६ सारखं नाव सगळ्या जगाला ठाऊक असेल तर तेच पुढे वापरायला हरकत नाही, पण पहिल्या उल्लेखात एसआर-बी२ यायलाच हवं. कारण उद्या कुणी त्या नावाने शोधेल आणि तुमचं काम त्याला सापडायला हवं.

स्प्लाइस रूप तपासलं नसेल तर एसआर-ए१ असं छातीठोक लिहू नका. 'एमएसआर१ ची सर्व रूपं मिळून' असं लिहा. वाक्य थोडं लांबतं, पण खरं राहतं.

नळ्यांवर, कुप्यांवर, प्लास्मिडच्या नकाशावर जीन चिन्ह लिहा, वर्गाचं नाव नाही. प्रयोगशाळा सोडून गेलेल्या माणसाची 'एसआर-बी दोन' एवढंच लिहिलेली कुपी उणे ८० मध्ये सापडली, तर सिक्वेन्सिंगशिवाय तिचा काही उपयोग नाही.

पायरी ९: नवीन प्रथिन हाती लागलं तर

हा प्रसंग फार थोड्यांवर येतो, पण आला तर घाईने अक्षर वाटू नका. आधी क्रम जुळवून पाहा. एखाद्या वर्गाशी रचना मिळत असेल तर त्या वर्गात ते येऊ शकतं. मग पायरी ७ मधला पुरावा द्या, निदान दोन वेगळ्या प्रकारच्या लिगँडवर, म्हणजे रिसेप्टरला चिकटणाऱ्या वस्तूंवर. कुठल्याच वर्गाशी मिळत नसेल तर नवं अक्षर सुचवायचा मोह होतो. ते अक्षर एकट्या प्रयोगशाळेने ठरवायचं नसतं. जीनचं अधिकृत चिन्ह एचजीएनसीकडून घ्या, निबंधात जीन चिन्हच वापरा आणि चर्चेच्या भागात लिहा की रचना अमुक वर्गाच्या जवळ आहे किंवा कुठल्याच वर्गात बसत नाही. वर्गाचं नाव या क्षेत्रातल्या लोकांच्या सहमतीने पुढे ठरेल.

आज संध्याकाळी एक करा. तुमच्या फ्रिजमधली स्कॅव्हेंजर रिसेप्टरची प्रत्येक अँटीबॉडी बाहेर काढा आणि तिच्यासमोर जीन चिन्ह, युनिप्रॉट क्रमांक, प्राणी आणि क्लोन लिहिलेली यादी तयार करा. साधारण तासभर लागतो. ज्या बाटलीसमोर चारपैकी एकही रकाना रिकामा राहील, ती उद्याच्या प्रयोगात वापरू नका.